टर्बो गाडीतली कूलंटची छुपी गळती: शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, पातळी दर दोन-तीन आठवड्यांनी खाली जाते, पण गाडीखाली एकही थेंब दिसत नाही, अशी तक्रार टर्बो इंजिनाच्या गाड्या वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. तिच्यावर केला जाणारा उपायही जवळपास ठरलेलाच असतो. आधी कूलंटच्या बाटलीत साधे पाणी ओतले जाते, मग झाकण बदलले जाते, मग एखादा होज पाइप, मग रेडिएटर, आणि तरीही पातळी उतरतच राहिली की हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेड आणि खालचा ब्लॉक यांमधले सील, गेले असे सांगून इंजिन उघडण्याचा खर्च पुढे केला जातो. एवढे पैसे जाऊनही तपास मात्र झालेला नसतो, कारण कोणीही काहीच मोजलेले नसते.

या गळतीचा पुरावा फार नाजूक असतो. तापलेल्या टर्बोवर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागावर, पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचण्याआधीच वाफ होऊन उडतो आणि मागे राहतो तो नखाएवढा कोरडा थर. इंजिन धुतले की तो थर निघून जातो, आणि गळती शोधण्यासाठी कूलंटमध्ये घालायचे, यूव्ही (अतिनील) प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य घाईने ओतून सांडले की सगळेच चमकू लागते. म्हणून खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम पाळणे आवश्यक आहे. पहिले तीन टप्पे कोणालाही घरी करता येतील. चौथ्यापासून पुढे साधने लागतात आणि सातवा टप्पा अनुभवी मेकॅनिकच्या सोबतीनेच करावा.

## पूर्वतयारी

हाताशी प्रखर टॉर्च, दांडीला लावलेला छोटा आरसा, पांढरे टिश्यू पेपर, मिलिलिटरच्या खुणा असलेले माप, मार्कर, चिकटपट्टी, हातमोजे आणि डोळ्यांवर लावण्याचा चष्मा असावा. पुढच्या टप्प्यांसाठी कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर आणि आपल्या बाटलीच्या आट्यांना बसणारा त्याचा अडॅप्टर लागेल. मोबाइलला जोडता येणारा बोअरस्कोप, म्हणजे अरुंद छिद्रातून आत पाहणारा कॅमेरा, आणि गाडीच्या संगणकाशी जोडायचा ओबीडी स्कॅनर असेल तर काम बरेच सोपे होते.

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच, आधीच पाणी मिसळलेले कूलंट एक लिटर आणून ठेवावे. केवळ रंग जुळतो म्हणून दुसरे कूलंट घेऊ नये, कारण रंग ही प्रतीची खात्रीशीर ओळख नव्हे. बोअरचे किंवा नळाचे पाणी भरणे तर या तपासात दुहेरी घातक ठरते. त्यातील क्षार आतल्या अरुंद वाटांत साचतात, आणि बाहेर पाझरल्यावर त्यांचा जो पांढरा थर बसतो तो कूलंटच्या थरासारखाच दिसत असल्याने तपासाची दिशा चुकते.

इशारा: गरम इंजिनावर झाकण उघडू नये. अर्धे पाणी आणि अर्धे ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते, पण बंद यंत्रणेत साधारण एक बार दाबाखाली तेच १२५ अंशांच्या पुढेही द्रवरूपात राहते. झाकण सैल होताच दाब एकदम उतरतो आणि उकळते कूलंट चेहऱ्यावर आणि हातांवर उडते.

इशारा: अनेक गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. हात, ओढणी, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. गाडीखाली जायचे असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर जाऊ नये, पक्के स्टँड लावावेत.

इशारा: एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असते. बोटावर घेऊन चाखण्याची काही गॅरेजांतली सवय धोक्याची आहे. सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे, कारण कुत्री आणि मांजरे ते चाटतात आणि त्यात दगावतात.

## टप्पा १: गळती आकड्यात मांडणे

गाडी रोज एकाच सपाट जागी उभी करावी आणि रात्रभर थंड झाल्यावर, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पातळी पाहावी. गरम कूलंट फुगते, त्यामुळे संध्याकाळची पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना निरर्थक असते. बाटलीवर उभी चिकटपट्टी लावून सकाळच्या पातळीशी मार्करने रेघ ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी. पातळी खाली गेली की मापाने मोजून त्याच रेघेपर्यंत भरावे आणि वहीत चार गोष्टी नोंदवाव्यात: तारीख, किलोमीटर, किती मिलिलिटर लागले आणि मधल्या दिवसांत गाडी कशी चालली. शहरातली गर्दी, महामार्ग, घाट की नुसती उभी, एवढे लिहिले तरी पुरते. हे किमान दहा दिवस करावे.

या नोंदीतून बरेच काही उलगडते. गाडी चार दिवस उभी असतानाही पातळी उतरली, तर गळती थंड अवस्थेतली आहे, म्हणजे बहुधा पाइप आवळणारा एखादा क्लॅम्प, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला आवळलेली असते तो सांधा, किंवा वॉटर पंपाचे सील. उभ्या गाडीत काहीच कमी होत नाही आणि शंभर किलोमीटरच्या महामार्गानंतर रेघ खाली येते, असे असेल तर उष्णता आणि दाब यांनी उघडणारी गळती शोधावी लागते. टर्बोच्या नळ्या, हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचे एक्झॉस्ट वायू कूलंटने थंड करणारा भाग) या दुसऱ्या गटात येतात.

कूलंट नुकतेच बदलले असेल तर पहिल्या आठवड्यात पातळी थोडी उतरणे स्वाभाविक आहे, कारण आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर येते. पातळी एकदा उतरून मग स्थिर झाली तर ती गळती नव्हे.

तपासून पाहा: गाडीखाली पाणी दिसत असेल तर ते एसीचे आहे की कूलंट, हे आधी ठरवावे. हातमोजा घालून पांढऱ्या टिश्यूवर टिपावे. एसीचे पाणी रंगहीन असते, त्याला वास नसतो आणि सुकल्यावर काहीच उरत नाही. कूलंट बोटांत बुळबुळीत लागते, टिश्यूवर रंग सोडते आणि सुकल्यावर चिकट राहते.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर या काळात विसंबून राहू नये. अनेक गाड्यांत तो काटा मोठ्या तापमानपट्ट्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. शिवाय कूलंट इतके कमी झाले की सेन्सर उघडा पडला, तर तो द्रवाऐवजी वाफेचे किंवा हवेचे तापमान मोजतो आणि इंजिन तापत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. चालत्या गाडीत काटा एकाएकी खाली आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

## टप्पा २: धुण्यापूर्वी पाहणे

या टप्प्यावर होणारी चूक सर्वांत महाग पडते. ‘आधी इंजिन स्वच्छ धुऊन घ्या, मग बघू’ असा सल्ला बहुतेक ठिकाणी दिला जातो, आणि त्या पहिल्या फवाऱ्यासोबत महिनाभराचा पुरावा गटारात जातो. धुणे योग्य आहे, पण ते पाहून आणि फोटो काढून झाल्यावर.

इंजिन पूर्ण थंड असताना वरचे प्लास्टिकचे आवरण काढावे आणि टॉर्चच्या प्रकाशात वरून खाली पाहत यावे. शोधायचा तो ओलावा नव्हे, सुकलेला थर. कूलंटमधले पाणी उडून गेल्यावर त्यातील रसायने आणि रंग मागे राहतात आणि गुलाबी, हिरवट, निळसर किंवा पांढरा खडबडीत पापुद्रा तयार होतो. तो सांध्याच्या कडेला असतो आणि त्याच्याखाली एक बारीक ओघळ उतरलेला दिसतो. द्रव खाली उतरतो आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलला जातो, म्हणून डाग जिथे मोठा दिसतो तिथे उगम असेलच असे नाही. ओघळाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकाशी उगम शोधावा.

इंजिनाची रचना माहीत नसेल तर इथे हमखास फसगत होते. उदाहरणार्थ, फोक्सवॅगन गटाच्या ईए२११ मालिकेत, म्हणजे भारतात व्हर्टस, टायगून, स्लाव्हिया आणि कुशाक या गाड्यांत असलेल्या १.० टीएसआय इंजिनाच्या कुटुंबात, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) एकाच जोडभागात असून तो सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला बसवलेला असतो. तिथून पाझरलेले कूलंट गिअरबॉक्सच्या अंगावरून खाली येणार, आणि खालून पाहणाऱ्याला गिअरबॉक्सच गळतो आहे असे वाटणार. आपल्या गाडीत पंप, थर्मोस्टॅट आणि टर्बोच्या नळ्या कुठे आहेत हे सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकृतीवरून आधी पाहून घ्यावे.

वॉटर पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र असते. सील झिजले की कूलंट तिथून बाहेर पडावे यासाठीच ते ठेवलेले असते. छिद्राभोवती कोरडी, जुनी, फिकट खूण असेल तर घाबरू नये, पण ओला किंवा ताजा रंगीत ओघळ असेल तर पंपाचे आयुष्य संपत आले आहे.

शेवटी खालचे प्लास्टिकचे संरक्षक आवरण उतरवून पाहावे. हे आवरण, आणि त्यावर आवाज कमी करणारा फोम असेल तर तो फोम, पाझरलेले कूलंट धरून ठेवतो आणि जमीन कोरडी राहते. ‘खाली काहीच पडत नाही’ या वाक्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

तपासून पाहा: प्रत्येक सांधा वेगळ्या कोऱ्या टिश्यूने पुसावा. एकच टिश्यू सगळीकडे फिरवला तर रंग कुठून आला ते कळणार नाही. फोटो काढून झाल्यावरच इंजिन पुसावे. शक्यतो ओल्या फडक्याने, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने नव्हे.

## टप्पा ३: झाकण

झाकण हा केवळ बूच नसून दाब राखणारा व्हॉल्व्ह आहे. त्यावर दाबाचा आकडा छापलेला असतो. ०.९, १.१ किंवा १.४ बार असे आकडे सामान्यतः दिसतात, काहींवर तोच आकडा किलोपास्कलमध्ये असतो. व्हॉल्व्ह कमजोर झाला की ठरलेल्या दाबाच्या आधीच वाफ बाहेर सोडतो, आणि ही गळती कोणत्याही नळीत सापडत नाही. झाकणाच्या भोवती आणि बाटलीच्या मानेखाली सुकलेला थर असेल, तर संशय इथेच घ्यावा. आतली रबरी रिंग चिरलेली किंवा चपटी झाली आहे का ते पाहावे आणि प्रेशर टेस्टर असल्यास त्याच्या अडॅप्टरवर झाकण लावून ते छापील आकड्याला दाब धरते का ते तपासावे. बदलायचे झाल्यास त्याच आकड्याचे घ्यावे. जास्त दाबाचे झाकण लावल्याने गळती थांबत नाही, उलट नाजूक सांधे फुटतात.

## टप्पा ४: थंड इंजिनावर दाबाची चाचणी

गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. कोमट इंजिनावर ही चाचणी केली तर कूलंट थंड होताना आकसते, दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. उन्हात उभ्या गाडीत याच्या उलट घडते आणि असलेली गळती लपते. म्हणून काम सावलीत, सकाळी करावे.

पातळी कमाल खुणेपर्यंत भरून टेस्टर लावावा आणि झाकणावर छापलेल्या आकड्यापर्यंत हळूहळू पंप मारावा, त्यापुढे जाऊ नये. वीस मिनिटे थांबावे. सुई खाली येऊ लागली तर सर्वप्रथम अडॅप्टरच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, कारण टेस्टरचीच गळती गाडीच्या माथी मारली जाण्याचे प्रकार कमी नाहीत.

दाब टिकवून ठेवत वरचा आणि खालचा होज पाइप, थर्मोस्टॅटचे घर (हाउसिंग), पंपाचे छिद्र, हीटरच्या नळ्या, बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळ्या आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे सांधे पाहावेत. स्क्रूने आवळायचे क्लॅम्प इथे विशेष लक्षपूर्वक तपासावेत. थंडीत रबर आकसते, पण हा क्लॅम्प त्याच्यासोबत आकसत नाही, म्हणून पहाटे गळणारा सांधा इंजिन तापल्यावर कोरडा होतो. स्प्रिंगचे क्लॅम्प हा फरक भरून काढतात. ते काढून स्क्रूचे लावण्याची घाई करू नये.

तपासून पाहा: सुई वीस मिनिटे स्थिर राहिली म्हणजे गळती नाही असा निष्कर्ष काढू नये. गळती थंड अवस्थेत उघडत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. पहिल्या टप्प्यातली वही काढून पाहावी. उभ्या गाडीत पातळी उतरत नव्हती, तर स्थिर सुई अपेक्षितच होती.

## टप्पा ५: टर्बोचा परिसर

टर्बो पेट्रोल इंजिनात टर्बाइनकडे, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाकडे, येणारे एक्झॉस्ट वायू पूर्ण भाराखाली ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातात. मधल्या भागातले बेअरिंग आणि तेल जळू नये म्हणून त्याभोवती कूलंट फिरवलेले असते. बहुतेक डिझेल टर्बोंत ही सोय नसते. तिथे थेट सातव्या टप्प्यातला ईजीआर कूलर पाहावा.

टर्बोला साधारणपणे चार नळ्या येतात: तेलाची आवक, तेलाची जावक, कूलंटची आवक आणि कूलंटची जावक. कूलंटच्या नळ्या पुष्कळदा बँजो बोल्टने, म्हणजे पोकळ बोल्टने, जोडलेल्या असतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे मऊ वॉशर असतात. आवळताना हे वॉशर दबून जागा भरून काढतात, म्हणूनच ते एकदाच वापरायचे असतात. टर्बो किंवा एक्झॉस्टचे काम करताना जुनेच वॉशर परत घातले गेले, तर सुरुवातीला सांधा कोरडा असतो, पण काही महिने तापून-निवून झाले की पाझर सुरू होतो.

या गळतीची वेळ ओळखीची असते. गाडी चालू असताना पंखा आणि वारा वाफ उडवून नेतात. इंजिन बंद केल्यावर टर्बोची साठलेली उष्णता आजूबाजूला पसरते, त्याच वेळी यंत्रणेतला दाब अजून टिकून असतो, आणि काही गाड्यांत छोटा विद्युत पंप टर्बोतून कूलंट फिरवतच राहतो. म्हणून गाडी थांबवल्यानंतरची पहिली पाच मिनिटे महत्त्वाची. बोनेटच्या फटीतून गोडसर वास येतो आणि कान देऊन ऐकल्यास तापलेल्या लोखंडावर थेंब पडल्याचा बारीक चर्र आवाजही कधी ऐकू येतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत वहीनुसार १२०० किलोमीटरला ३५० मिलिलिटर कूलंट जात होते. त्याआधी एका गॅरेजने झाकण आणि वरचा होज पाइप बदलला होता. थंड दाबाच्या चाचणीत सुई हलली नाही. खंबाटकी चढून गेल्यावर चहासाठी थांबलो की मात्र दरवेळी काकवी तापवल्यासारखा वास यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्बोवरची उष्णतारोधक पत्र्याची ढाल उतरवली आणि आरसा खाली धरला, तेव्हा जावक नळीच्या बँजो बोल्टच्या खालच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा गुलाबी खडा आणि त्याखाली टर्बाइनच्या गंजलेल्या अंगावर बोटभर लांबीची पांढरी रेघ दिसली. दोन वॉशर बदलून ते काम संपले. ती ढाल आधी कोणी उतरवलीच नव्हती.

हा टप्पा पुढील क्रमाने करावा. प्रथम गाडी अर्धा तास भाराखाली चालवावी. जवळ घाट असेल तर उत्तम. परत येऊन सपाट जागी इंजिन बंद करावे, बोनेट उघडावे आणि कशालाही हात न लावता वास आणि वाफ नेमकी कोणत्या बाजूने येते ते नोंदवावे. मग गाडी रात्रभर सोडावी. सकाळी ढाल काढावी. तिचे बोल्ट गंजलेले असतात, त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून अर्धा तास थांबावे, जोर लावून ते मोडू नयेत. त्यानंतर आरशाने चारही सांधे सर्व बाजूंनी पाहावेत. तेलाचा डाग काळा आणि ओलसर राहतो, कूलंटचा फिकट आणि खडबडीत असतो.

इशारा: ढाल उतरवल्यावर खात्री करण्यासाठी गाडी तशीच चालवू नये. ही ढाल शेजारच्या वायरी, रबरी नळ्या आणि तेल यांना उष्णतेपासून वाचवते.

इशारा: पाझर दिसला म्हणून जुन्या वॉशरवरच बँजो बोल्ट आणखी आवळू नये. पोकळ बोल्ट सहज तुटतो. नवे वॉशर घालून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच, आवळावा.

## टप्पा ६: यूव्ही रंगद्रव्य

इथपर्यंत उगम सापडला नाही तरच रंगद्रव्य वापरावे. ते ग्लायकॉल कूलंटसाठीचेच असावे. एसीचे किंवा तेलाचे चालत नाही. काही कूलंट मुळातच यूव्ही प्रकाशात चमकतात, म्हणून आधी कूलंटच्या बाटलीवर यूव्ही दिवा मारून पाहावा. इंजिन पुसून घ्यावे, रंगद्रव्य त्याच्या वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात नरसाळ्यातून न सांडता घालावे आणि कूलंटच्या बाटलीची मान लगेच स्वच्छ करावी. नंतर आठवडाभर गाडी नेहमीसारखी वापरून रात्री, अंधारात, सुमारे ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा दिवा आणि पिवळा चष्मा घेऊन पाहावे. टर्बाइनच्या अगदी अंगावरचे रंगद्रव्य उष्णतेने जळून चमक गमावू शकते, त्यामुळे तिथे काही न चमकणे हा निर्दोषपणाचा दाखला मानू नये.

## टप्पा ७: आतली गळती

बाहेर सर्वत्र कोरडे आहे, झाकण ठीक आहे आणि तरीही वहीतला आकडा वाढतोच आहे, तेव्हाच इंजिनाच्या आत पाहावे.

सुरुवात केबिनपासून करावी, कारण ते सर्वांत सोपे आहे. आपल्याकडे हीटर क्वचितच लावला जातो, पण अनेक गाड्यांत हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट कायम फिरत असते. डॅशबोर्डखाली पायाजवळचा गालिचा दाबून पाहावा. काचेच्या आतून तेलकट धुके धरणे आणि गोडसर वास या दोन खुणा पुरेशा आहेत.

त्यानंतर तेल पाहावे. डिपस्टिकवर दुधाळ तेल असेल तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केट संशयित ठरते आणि गाडी चालवणे तत्काळ थांबवावे. केवळ तेल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस असेल तर मात्र तो लहान-लहान फेऱ्यांमुळे साठलेल्या दमटपणाचाही असू शकतो, विशेषतः पावसाळ्यात.

पुढे ज्वलनवायूची रासायनिक चाचणी येते. बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून गरम, चालू इंजिनावर वरची हवा त्यातून ओढली जाते. ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा होतो. डिझेलसाठी काही किटांत वेगळा द्रव लागतो. इंजिन थंड असतानाच पातळी थोडी कमी करून ठेवावी, कारण नळीत कूलंट ओढले गेले तर चाचणी वाया जाते. द्रव निळाच राहिला तरी हेड गॅस्केट पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. काही भेगा पूर्ण भाराखालीच उघडतात.

सिलिंडर तपासण्यासाठी थंड इंजिनावर चौथ्या टप्प्यासारखाच टेस्टरने दाब लावून काही तास ठेवावा, मग स्पार्क प्लग काढून बोअरस्कोपने प्रत्येक पिस्टनचा माथा पाहावा. इतर सर्व काळे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर कूलंट तिथे जात आहे.

इशारा: दाब लावून ठेवल्यानंतर प्लग न काढता स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये साठलेले कूलंट दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. प्लग काढल्यावर फिरवून पाहायचे असल्यास इग्निशन कॉइलची जोडणी सोडावी, इंधन पंपाचा फ्यूज काढावा आणि प्लगच्या छिद्रांवर वाकून उभे राहू नये.

सिलिंडर कोरडे, रासायनिक चाचणी निळी, आणि तरीही गरम इंजिनातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, अशा वेळी हेड गॅस्केटचा नाद सोडून तीन ठिकाणे पाहावीत. पहिले, ईजीआर कूलर: तो काढून, तोंडे बंद करून, हलका हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवावा. थंड पाण्यात बारीक भेग बंदच राहू शकते. दुसरे, टर्बोचा मधला भाग: तिथे भेग पडली तर कूलंट एक्झॉस्टमध्ये किंवा तेलात उतरते. दाब लावलेल्या रात्रीनंतर ऑक्सिजन सेन्सरच्या छिद्रातून बोअरस्कोप घालून टर्बाइनची वायू बाहेर पडणारी बाजू ओली आहे का ते पाहता येते.

तिसरे ठिकाण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. काही इंजिनांत, वर उल्लेखलेल्या ईए२११ मालिकेतही, इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग, समोरच्या जाळीमागे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या भागातच, असतो आणि तो कूलंटनेच थंड होतो. त्याला भेग पडल्यास गळतीची दिशा दाबानुसार पालटते. इंजिन नुसते चालू असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो आणि कूलंट आत ओढले जाते. वेग घेताना टर्बोचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा वरचढ ठरला तर हवा उलट कूलंटमध्ये घुसते, बाटलीत बुडबुडे येतात, आणि पाहणारा ‘हेड गॅस्केट’ म्हणून मोकळा होतो. पण ही साधी हवा आहे, ज्वलनवायू नव्हे, म्हणून रासायनिक द्रव निळाच राहतो. बुडबुडे आहेत आणि द्रव निळा आहे, हे दोन्ही एकत्र दिसले तर इंजिनाचे हेड उघडण्याआधी थ्रॉटल बॉडी (आत येणारी हवा नियंत्रित करणारी झडप) काढून मॅनिफोल्डच्या तळाशी कूलंट साचले आहे का ते पाहावे.

## टप्पा ८: दुरुस्तीनंतरची पडताळणी

गळती बुजवणारी बाटलीबंद रसायने टर्बो गाडीत वापरू नयेत. ती भेग आणि टर्बोची अरुंद नळी यांत फरक करत नाहीत, आणि नळी तुंबली तर बेअरिंग जळते.

दुरुस्तीनंतर कूलंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच भरावे. काही गाड्यांत निर्वात पंपाने भरावे लागते, काहींत स्कॅनरवरून विद्युत पंप चालवून हवा काढावी लागते. हवा आत राहिली तर पातळी पुन्हा उतरेल आणि दुरुस्ती फसली असा गैरसमज होईल. भरून झाल्यावर चौथ्या टप्प्यातली चाचणी पुन्हा करावी, ढाल आणि खालचे आवरण बसवण्यापूर्वी दुरुस्त केलेला सांधा कोऱ्या टिश्यूने पुसून पाहावा, आणि बाटलीवर नवी चिकटपट्टी लावून नवी रेघ ओढावी. पहिल्या आठवड्यात हवेमुळे उतरलेली पातळी एकदा भरून घ्यावी आणि तिथून पुढे १००० किलोमीटर वही चालू ठेवावी. त्यात निदान एकदा तरी जुन्या नोंदीत पातळी सर्वाधिक उतरली होती त्याच रस्त्याने, तेवढ्याच भाराने गाडी न्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ पाहावी.